अंगावरच्या दुधातले लोह आणि आयोडीन

माण-खटावकडे असो की जतकडे, बाळंतिणीच्या खोलीत अळिवाचे लाडू आणि शेपूची भाजी येतेच, आणि सोबत घरच्या वडीलधाऱ्या बाईचे एक वाक्यही येते : “तू खाल्लंस की बाळाच्या पोटात जातं.” हे आयोडीनच्या बाबतीत अगदी खरे आहे; लोहाच्या बाबतीत मात्र जवळजवळ नाही.

आईच्या दुधात लोह फारच थोडे असते, लिटरला साधारण ०.२ ते ०.४ मिलिग्रॅम. आई रक्तक्षयाने पांढरी पडलेली असो किंवा रोज गोळी घेत असो, हे प्रमाण फारसे हलत नाही. बाळ पहिले काही महिने मुख्यतः पोटात असतानाच जमवलेल्या लोहावर काढते (जन्मानंतर नाळ कापण्यापूर्वी एक ते तीन मिनिटे थांबल्यास या साठ्यात भर पडते), आणि दुधातले थोडेसे लोहही त्याच्या अंगी चांगले लागते. सहाव्या महिन्याच्या सुमारास साठा सरत येतो, तेव्हा आईने लाडू दुप्पट खाऊन ती तूट भरत नाही. बाळाच्याच वाटीत मऊ डाळ, अंडे किंवा चालत असल्यास बारीक केलेले मटण यावे लागते.

मग बाळंतपणानंतर १८० दिवस दिली जाणारी, ६० मिलिग्रॅम लोहाची गोळी कोणासाठी? ती आईसाठी आहे, कारण बाळंतपणात रक्त तिचे गेलेले असते. “दूध भरपूर येतंय, आता गोळी कशाला,” असे म्हणून ती बंद करणे मला फार चुकीचे वाटते. ती चहासोबत घेऊ नये, आणि कॅल्शियमच्या गोळीबरोबरही नको. कॅल्शियमची तऱ्हाही लोहासारखीच आहे : आहारात कमी पडले तरी दुधातले प्रमाण सहसा टिकते, कारण शरीर ते आईच्या हाडांतून काढते, पाजणे थांबल्यावर ही झीज बहुतांशी भरून येते.

आयोडीनचे मात्र उलट आहे. स्तनातील पेशी आईच्या रक्तातून आयोडीन ओढून दुधात देतात, त्यामुळे आईच्या पोटात कमी गेले की दुधातही कमी उतरते. निव्वळ अंगावर पिणाऱ्या बाळाला ते मिळवण्याचा दुसरा मार्ग नसतो आणि त्याचा स्वतःचा साठाही तुटपुंजा असतो. शिवाय मेंदूच्या वाढीला लागणारे थायरॉइडचे संप्रेरक आयोडीनवाचून तयार होत नाही. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना पाजणाऱ्या आईसाठी दिवसाला २५० मायक्रोग्रॅम आयोडीन सांगते. समुद्राची मासळी घाटावरच्या ताटात रोज नसते, त्यामुळे आपल्याकडे मुख्य भिस्त मिठावरच राहते. मीठ वाढवायचे नाही, आयोडीनयुक्त वापरायचे, एवढेच. सैंधवाला किंवा साध्या खडे मिठाला ती जागा घेता येत नाही.

वाईजवळच्या एका घरी मी चुलीशेजारच्या फळीवर लोहाच्या गोळ्यांची न फोडलेली पट्टी पाहिली, आणि तिच्याजवळच उघड्या बरणीत ओल धरलेले खडे मीठ. सासूबाई म्हणाल्या, “पिशवीतल्या मिठाला चव नाही.” तिथे मी दोनच गोष्टी सांगितल्या : पट्टी आजच फोडा, ती सूनबाईंसाठी आहे, आणि आयोडीनचे मीठ आणून झाकणाच्या बरणीत चुलीपासून लांब ठेवा, आमटीत ते उतरवताना घाला, कारण ते दोघांसाठी आहे.