यंदा पडद्यावर काय लावायचं? सोसायट्या, मंडळं आणि वाचनालयांसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

पडदा, प्रोजेक्टर आणि स्पीकर आमचे. जागा, खुर्च्या आणि प्रेक्षक तुमचे, असा आपला सरळ व्यवहार आहे. तरी बुकिंगचा फोन संपता संपता बहुतेक जण विचारतातच, "आणि सिनेमा कोणता लावू या?" आम्ही काही सुचवायच्या आत पलीकडूनच उत्तर येतं, "बनवाबनवीच लावा, सगळ्यांना आवडतो." लावतो की! १९८८ सालचा हा सिनेमा लोकांना तोंडपाठ आहे आणि गंमत त्यातच आहे. पडद्यावरच्या नटाआधी मागच्या रांगेतून संवाद येतो. पण तुमच्याकडे वर्षाला दोन-तीन खेळ होत असतील, तर त्यातला एक तरी फारशा न पाहिलेल्या मराठी सिनेमाला द्यावा, अशी विनंती आहे. त्यासाठीच हे पत्रक.

यातले सिनेमे लोकांनी पाहिले नाहीत, कारण त्यांच्यापर्यंत ते पोचलेच नाहीत. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ला २०१७ साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत सुवर्णकमळ मिळालं, म्हणजे देशातल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान. थिएटरात लागायला त्याला ऑक्टोबर उजाडला. याच जोडीचा ‘अस्तु’ २०१३ चा, पण आपल्याकडे सर्वत्र लागला २०१६ मध्ये. छोट्या निर्मात्याकडे जाहिरातीला पैसा नसतो, मल्टिप्लेक्समध्ये एखादा अडनिडा खेळ मिळतो, आणि आपण "पुढच्या शनिवारी जाऊ" म्हणतो तोवर शुक्रवारी सिनेमा उतरलेला असतो. सोसायटीच्या पटांगणात मात्र पुढच्या शुक्रवारची टांगती तलवार नाही. चांगल्या सिनेमाला तिथे दुसरी संधी मिळते, असं आमचं मत आहे.

आधी विदूषकाबद्दल

आमची सर्वांत आग्रहाची शिफारस ‘एक होता विदूषक’ (१९९२). दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, पटकथा आणि संवाद पु. ल. देशपांडे यांचे, गाणी ना. धों. महानोरांची, संगीत आनंद मोडक यांचं. आणि मध्यभागी लक्ष्मीकांत बेर्डे. एवढी नावं एकत्र असूनही हा सिनेमा तेव्हा चालला नाही. कारण उघड आहे. बेर्डे म्हटलं की लोक हसायला येत होते, आणि इथे हसवणाऱ्या माणसाचं पुढे काय होतं ते दाखवलं होतं. तमाशाच्या फडावरचा सोंगाड्या आबुराव सिनेमात जातो, मोठा नट होतो, मग राजकारणाच्या वाऱ्याला लागतो. ज्या हजरजबाबीपणावर तो मोठा झाला, तोच पुढे दुसऱ्यांच्या कामाला जुंपला जातो. फडावरचे प्रसंग खळखळून हसवतात. त्यामुळे नंतर तोच माणूस व्यासपीठावर बोलायला उभा राहतो, तेव्हा आपल्याला हसू येतं आणि त्या हसण्याची लाजही वाटते. बेर्डेंच्या डोळ्यांत असं काही होतं, हे इतर सिनेमांत शोधून सापडत नाही. आबुरावाच्या आईच्या भूमिकेत मधु कांबीकर आहेत. त्यांचं काम वेगळं सांगायची गरज नाही, पडद्यावर बघा.

दोन सूचना. सूचना फलकावर ‘लक्ष्मीकांत बेर्डे यांचा धमाल चित्रपट’ असं लिहू नका. लोक विनोदी सिनेमाच्या तयारीने येतात आणि अर्ध्यातून उठतात, म्हणजे १९९२ मध्ये झालं तेच पुन्हा. दुसरं, सिनेमा लांबीला चांगलाच मोठा आहे. तो हॉलमध्ये, रविवारी दुपारी, चहाच्या मध्यंतरासह लावावा. पटांगणात रात्री का नको, ते पुढे येईलच.

गाणी पाठ, सिनेमा कोरा

‘जैत रे जैत’ची (१९७७) गाणी गेली कित्येक वर्षं आपल्या लग्नांत, गॅदरिंगमध्ये आणि रिक्षांत वाजत आहेत. "सिनेमा पाहिलाय का?" असं विचारलं की मात्र निम्म्याहून जास्त लोक थांबतात. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवर जब्बार पटेलांनी केलेला हा सिनेमा ठाकरांच्या वस्तीचा आहे. ढोल वाजवणारा नाग्या (मोहन आगाशे), त्याच्यावर जीव टाकणारी चिंधी (स्मिता पाटील), आणि डोंगराच्या कड्यावर पोळ्यात बसलेली राणी माशी, जिच्याशी नाग्याचं वैर आहे. गाणी मध्येच चिकटवलेली नाहीत, गोष्टच गाण्यांतून पुढे सरकते. हृदयनाथ मंगेशकरांचं ते संगीत मोबाइलच्या स्पीकरवर ऐकणं आणि मोकळ्या हवेत मोठ्या स्पीकरवर, ढोलाचा ठोका छातीवर घेत ऐकणं, यात फार अंतर आहे. कोजागिरीला आटीव दुधासोबत हाच लावा. आमच्याकडे कुणी दोन पेटीचे स्पीकर मागितले, तर या एका सिनेमासाठी आम्ही चार घ्या म्हणतो, आणि त्यात धंद्याचा हिशेब फारसा नसतो.

कुणाबरोबर काय

ज्येष्ठ नागरिक संघांनी ‘अस्तु’ घ्यावा. विस्मरणाचा आजार झालेले संस्कृत पंडित अप्पा (इथेही मोहन आगाशेच), त्यांना गाडीत बसवून खरेदीला गेलेली मुलगी, आणि समोरून जाणाऱ्या हत्तीच्या मागे निघून गेलेले अप्पा. शोध सुरू होतो आणि घरातल्या सगळ्यांचं आतलं बाहेर येऊ लागतं. माहुताची बायको चन्नम्मा झालेल्या अमृता सुभाष यांना या कामासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. घरात असं आजारपण असलेल्यांना हा सिनेमा जड जाऊ शकतो, म्हणून विषय आधी सांगून ठेवा. पण लपवू नका. आमचा अनुभव असा, की अशाच घरातली माणसं खेळ संपल्यावर सर्वांत जास्त वेळ बोलत बसतात. शक्य असेल तर परिसरातल्या एखाद्या डॉक्टरांना बोलवा, पण भाषण सिनेमाच्या आधी ठेवू नका.

महिला मंडळांसाठी ‘स्थळ’. जयंत सोमलकरांचा हा सिनेमा २०२३ मध्ये टोरंटोच्या महोत्सवात पुरस्कार घेऊन आला आणि आपल्या थिएटरांत मार्च २०२५ मध्ये लागला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या गावात, तिथल्याच माणसांना घेऊन केलेला. सुरुवातीलाच बघण्याचा कार्यक्रम उलटा होतो. मुलगा पाटावर, आणि प्रश्न विचारणाऱ्या बायका. मग खरे कार्यक्रम सुरू होतात. तीच चटई, तेच पाहुणे, तेच प्रश्न, पुन्हा पुन्हा. स्पर्धा परीक्षेचं स्वप्न बघणारी सविता दर वेळी तितक्याच शांतपणे नाव, उंची, शिक्षण सांगते. प्रेक्षागृहात आधी हशा होतो, तिसऱ्या-चौथ्या वेळेपर्यंत तो विरतो. नवऱ्यांनाही बोलवा. मंडळाचं नाव बघून ते येत नाहीत, म्हणून मुद्दाम सांगितलं.

लहानथोर सगळे एकत्र असतील तर आशिष बेंडे यांचा ‘आत्मपॅम्फ्लेट’ (२०२३). शाळकरी मुलाचं एकतर्फी प्रेम, आणि त्याच्या आडून देशात त्या काळी जे जे घडत होतं ते सगळं. परेश मोकाशींचं लेखन वेगवान आणि खट्याळ आहे. बर्लिनच्या महोत्सवात दाखवला गेलेला सिनेमा म्हटल्यावर लोक घाबरतात, म्हणून ही गोष्ट खेळ संपल्यावर सांगितलेली बरी.

‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९) कुणाला सुचवावा, यावर आमच्यातच मतभेद आहेत. सतीश मनवर यांचा हा सिनेमा विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांवर आहे, असं म्हटलं की समोरचा लगेच "सणासुदीला नको हो" म्हणतो. प्रत्यक्षात तो भरपूर हसवतो. शेजारच्या शेतकऱ्याने जीव दिल्यावर अलकाला (सोनाली कुलकर्णी) आपल्या नवऱ्याची धास्ती वाटू लागते. ती त्याच्या आवडीचं खायला करते, त्याला एकटं सोडत नाही, मुलाला त्याच्या मागावर ठेवते. नवरा किसना (गिरीश कुलकर्णी) मात्र फक्त पावसाची वाट बघतोय आणि या पाळतीने वैतागलाय. भीतीतून विनोद कसा निघतो हे इतकं नीट दाखवणारा दुसरा मराठी सिनेमा आम्हाला आठवत नाही. गणपतीत नको, पण वाचनालयाच्या वार्षिक कार्यक्रमाला जरूर.

उमेश कुलकर्णींचा ‘विहीर’ आणि सुमित्रा भावेंचा ‘दिठी’ हे दोन सिनेमे आम्ही पटांगणासाठी देत नाही. ‘विहीर’मध्ये नात्यातले दोन भाऊ, सुट्टीतलं आजोळ आणि त्यानंतर आलेली पोकळी आहे. ‘दिठी’मध्ये मुलगा गमावलेला वारकरी लोहार आणि पावसाळी रात्र. दि. बा. मोकाशींच्या कथेवरचा हा सिनेमा भावे गेल्यानंतर महिनाभराने, मे २०२१ मध्ये सोनी लिव्हवर आला. दोन्हींत शांततेला काम आहे. शेजारी भेळेची गाडी आणि मागे पार्किंगमधले हॉर्न असतील, तर सिनेमा मरतो. तीस-चाळीस माणसं, बंद खोली, पंख्याचा आवाज कमी, एवढं असेल तरच सांगा.

जुन्या सिनेमाची हौस असलेल्यांसाठी एकच नाव, व्ही. शांताराम यांचा ‘माणूस’ (१९३९). पोलीस शिपाई गणपत (शाहू मोडक) आणि मैना (शांता हुबळीकर) यांची गोष्ट. ‘कशाला उद्याची बात’ हे गाणं यातलंच. पोलीस शिपायाचं वेश्येवर प्रेम बसतं, एवढंच ऐकून रडका सिनेमा असेल असं वाटतं. पण प्रभातच्या या सिनेमाला स्वतःचा तिरकस विनोद आहे, आणि शेवट आजही गोड केलेला वाटत नाही. मात्र चित्राची चौकट जुन्या मापाची, जवळजवळ चौकोनी आहे. पडद्याच्या दोन्ही बाजूंना काळी जागा दिसेल. "फुल स्क्रीन करा ना" असा आवाज दर वेळी येतो. करणार नाही. माणसं बुटकी आणि जाडी दिसतात.

परवानगी आणि वेळ

हे वाचायला कंटाळवाणं आहे, पण वगळू नका. घरच्या सबस्क्रिप्शनवर किंवा जुन्या डीव्हीडीवर सिनेमा बघण्याचा हक्क घरापुरता असतो. सोसायटीत, मंडळात, वाचनालयात खेळ लावायचा तर हक्क ज्याच्याकडे असतील त्याची लेखी परवानगी लागते, तिकीट असो वा नसो. आमच्यातर्फे आम्ही पत्रव्यवहार करतो. छोट्या मराठी सिनेमांच्या बाबतीत निर्माता स्वतःच फोन उचलतो आणि बऱ्याचदा वाजवी रकमेत हो म्हणतो. ‘एक होता विदूषक’ राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा आहे, तिथे कागद रीतसर जातात आणि वेळ लागतो. म्हणून निदान महिनाभर आधी कळवा. परवानगीची रक्कम आम्ही पावतीसह जशीच्या तशी तुमच्या बिलात दाखवतो, त्यावर आमचं काही नसतं. "यूट्यूबवर आहे की, तिथूनच लावा" असं कृपया सांगू नका. कुणी चढवलाय ते आपल्याला ठाऊक नसतं.

मोकळ्या जागेत अंधार पडल्याशिवाय चित्र दिसत नाही आणि रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक चालत नाही. सणाच्या ठरावीक दिवशी सूट मिळते, पण ती प्रशासनाच्या आदेशावर असते, गृहीत धरू नका. भाद्रपदात सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो. सव्वासातला सुरू केलं तर हाती पावणेतीन तास उरतात, त्यातून मध्यंतर, आभार आणि उशिरा येणारे वजा करा. ‘विदूषक’ हॉलमध्ये लावा म्हणालो ते यासाठी. खेळाच्या वेळी पटांगणातले हॅलोजन कोण बंद करणार, हे नाव घेऊन ठरवा. सगळे म्हणतात "वॉचमन करेल", आणि वॉचमनकडे त्या खोलीची किल्ली नसते.

बुकिंग करताना जागा उघडी की बंद, अंदाजे माणसं किती, लहान मुलं असतील का, आणि आधी काय काय लावून झालं आहे, एवढं सांगा. त्यावरून आम्ही दोन नावं सुचवू, निवड तुमची. दोन्ही नको असतील तर बनवाबनवी आहेच. पावसाने खेळ रद्द झाला तर भाड्याची आगाऊ रक्कम पुढच्या तारखेला वळती होते, मात्र निर्मात्याला दिलेली रक्कम परत मिळेलच असं नाही. म्हणून भाद्रपदातल्या खेळासाठी पर्यायी बंद जागा आधीच बघून ठेवा. जिन्याखालचं पार्किंगही चालतं, फक्त त्या दिवशी गाड्या बाहेर काढायला लावा.