डिस्प्ले, शो, एक्झिबिशन : दाखवण्याच्या शब्दांची पार्श्वभूमी

नाशिकच्या एम. जी. रोडवर मोबाइलच्या दुकानांत दिवसभर एकच प्रश्न कानावर पडतो : "डिस्प्ले केवढ्याला बसेल?" इथे डिस्प्ले म्हणजे फोनची पुढची काच आणि तिच्या खालचा पडदा. ओरिजिनल टाकायचा की कॉपी, एवढीच पुढची चर्चा. वर्तमानपत्राच्या जाहिरात विभागात हाच शब्द काढला, तर चौकटीतली, चित्र आणि लोगोसकट छापलेली, सेंटिमीटरवर पैसे मोजायची जाहिरात समोर येते. 'फ्लॅट भाड्याने देणे आहे'वाली ती छोटी जाहिरात. तिला कुणी डिस्प्ले म्हणत नाही. फर्निचरच्या शोरूममध्ये 'डिस्प्लेचा पीस' म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याने बसून पाहिलेला सोफा, म्हणून थोडा स्वस्त.

तिन्ही ठिकाणी डिस्प्ले ही वस्तू आहे. इंग्रजीत हा शब्द आधी क्रियापद होता. नाम म्हणून तो रुळला सोळाव्या शतकाच्या अखेरीस. मराठीने घेतला तो नामापुरताच. प्रत्यक्ष क्रिया करायची वेळ आली की आपण अजूनही दाखवतो, मांडतो, उलगडतो नाहीतर मिरवतो. यांतलं एक दुसऱ्याच्या जागी चालत नाही. कोशात 'डिस्प्ले = प्रदर्शन' एवढंच वाचून पुढे जाणारा विद्यार्थी अडतो तो इथेच.

लॅटिनमध्ये 'प्लिकारे' म्हणजे घडी घालणे. त्याला 'डिस' लागला आणि जुन्या फ्रेंचमधून घडी उलगडणे या अर्थाने तो शब्द साधारण १३०० च्या सुमारास इंग्रजीत आला. तेव्हा डिस्प्ले व्हायची ती निशाणं आणि शिडं, म्हणजे शेवटी कापडच. सरदारांच्या ढालींवर पंख पसरलेला गरुड असे, त्याचं वर्णन करतानाही हाच शब्द वापरत. आज पडद्याला चिकटलेला हा शब्द मुळात घडीचा आहे, हे पाहायचं असेल तर येवल्याला जावं.

येवल्यातल्या पैठणीच्या दुकानात साडी हँगरवर लटकत नाही. पांढऱ्या गादीवर गिऱ्हाईक मांडी घालून बसतं, समोर दुकानदार घड्यांची चळत घेऊन. तो आधी पदर उलगडतो, कारण पैठणीची किंमत पदरात असते : मोर, मुनिया, कमळ, आसावली. मग काठ, नारळी की आणखी कुठला ते बोटाने दाखवतो. शेवटी साडी उलटी करतो. हातमागाच्या अस्सल पैठणीची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते, मागे सुटे धागे लोंबत नाहीत. त्यामुळे उलटी बाजू दाखवणं हाच खरा पुरावा. बघताबघता गादीवर सात-आठ साड्यांचा ढीग होतो, आणि "बघायला काय पैसे पडतात, ताई?" म्हणत दुकानदार नववीची घडी सोडतो. या सगळ्याला मराठीत 'साड्या दाखवणे' म्हणतात. 'प्रदर्शन' म्हटलं तर माणसं हसतील. आणि 'घडी मोडणे' तर वेगळंच : ते नवी साडी पहिल्यांदा अंगावर घेणारीने करायचं, दुकानदाराने नव्हे.

'डिस्प्ले'चं एक सख्खं भावंडही इंग्रजीत आहे, 'डिप्लॉय'. फ्रेंचमध्ये तोच घडी उलगडण्याचा शब्द सैन्याच्या रांगा पसरण्यासाठी वापरू लागले आणि अठराव्या शतकात इंग्रजांनी तो पुन्हा उचलला. आपण तिथे 'तैनात करणे' म्हणतो, आणि त्यात घडीचा मागमूस नाही.

'शो'ची गोष्ट याहून मजेची. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ दाखवणे नव्हता, पाहणे होता. त्याचं जर्मन भावंड 'शाउएन' आजही पाहणेच. १२०० च्या सुमारास इंग्रजीत हा अर्थ उलटला आणि पाहणाऱ्याचं क्रियापद दाखवणाऱ्याचं झालं. मराठीत हीच वाट व्याकरणाच्या राजमार्गाने गेली : पाहणे या अर्थाच्या जुन्या प्राकृत धातूचं प्रयोजक रूप म्हणजे आपलं 'दाखवणे', दुसऱ्याला पाहायला लावणे. संस्कृतातही 'दृश्'पासून दर्शन आणि त्याच धातूपासून प्रदर्शन. दाखवणे हे मराठीतलं सगळ्यात कामसू क्रियापद असावं. नैवेद्य दाखवतात, मुलगी दाखवतात (ही पद्धत आता निदान शब्दाने तरी 'कांदेपोहे' झाली आहे), पाठ दाखवतात, इंगा दाखवतात, आणि हत्तीचे दाखवायचे दात तर सर्वांना ठाऊक. यांतल्या एकाही जागी डिस्प्ले बसत नाही.

'एक्झिबिट'मध्ये घडी नाही, हात आहे. लॅटिन 'हाबेरे' म्हणजे धरणे; त्यामुळे एक्झिबिट म्हणजे हातात धरून पुढे करणे. कायद्याने हा अर्थ जपला. कोर्टात दाखल झालेला, पुरावा म्हणून ग्राह्य धरलेला कागद इंग्रजीत 'एक्झिबिट' होतो. आपल्या जिल्हा न्यायालयांतल्या मराठी कागदांवर त्याच जागी 'निशाणी' किंवा नुसतं 'नि.' आणि पुढे आकडा असतो. जप्त केलेली वस्तू असेल तर ती 'मुद्देमाल'. कोर्टात कुणीही त्याला प्रदर्शन म्हणत नाही, आणि ते योग्यच आहे.

'प्रदर्शन' हा शब्द आज डोळ्यांसमोर मंडप आणि स्टॉल उभे करतो, त्यामागे एकोणिसावं शतक आहे. १८५१ मध्ये लंडनच्या हाइड पार्कात काचेच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मोठं एक्झिबिशन भरलं. मे ते ऑक्टोबरमध्ये तिकिटांची संख्या साठ लाखांच्या घरात गेली. हिंदुस्थानातल्या वस्तूंचंही तिथे मोठं दालन होतं. त्यानंतर कारागिरी, शेतमाल, यंत्रं एका छताखाली मांडून लोकांना तिकीट लावून दाखवायची ही रीत जगभर पसरली. योगायोग असा की पुढच्याच वर्षी, १८५२ मध्ये, रॉजेटचा इंग्रजी समानार्थी शब्दांचा प्रसिद्ध कोश निघाला. त्यात शब्द वर्णानुक्रमाने नव्हे, अर्थाच्या गटांनी मांडले होते. अमरकोश पाठ करणाऱ्यांच्या देशात त्याचं नवल वाटायचं कारण नव्हतं. इंग्रजी-मराठी कोश तर त्याआधीच, १८४७ मध्ये, मोल्सवर्थ आणि कँडी यांनी मुंबईत काढलेला होता.

नाशकात आज प्रदर्शन म्हटलं की डोंगरे वसतिगृहाचं मैदान नाहीतर ठक्कर डोम. तिथे घरबांधणीपासून शेतीच्या अवजारांपर्यंत सगळं येऊन जातं. सिनेमाही 'प्रदर्शित' होतो, आणि या शब्दाला नाशिक जिल्ह्याचा हक्क सांगता येईल. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लोकांसाठी लागला. १९१८ पासून त्यांची हिंदुस्तान फिल्म कंपनी नाशकातच होती, आणि १९४४ मध्ये ते गेले तेही इथेच. जाणत्यांच्या तोंडी मात्र सिनेमा 'प्रदर्शित' होत नाही, तो 'लागतो'.

आता एक कुरबूर. क्रिकेटच्या बातमीत 'फलंदाजांनी सुमार प्रदर्शन केले' असं वाचलं की ही हिंदीची उसनवारी लगेच ओळखू येते. मराठीत ती कामगिरी. रस्त्यावर फलक घेऊन उतरणाऱ्यांनाही हिंदीत 'प्रदर्शन' करावं लागतं. आपल्याकडे त्यासाठी 'निदर्शने' हा स्वतंत्र शब्द आहे आणि दुकानातल्या डेमोसाठी 'प्रात्यक्षिक'. इंग्रजीला या दोन्हींसाठी एकच 'डेमॉन्स्ट्रेशन' पुरवावा लागतो. इतकी सोय हातात असताना ती सोडायची कशाला?

निदर्शनांचा विषय नाशकात निघाला की २ मार्च १९३० टाळता येत नाही. डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह त्या दिवशी सुरू झाला. मागणी होती ती मंदिरात जाऊन दर्शन घेण्याची. दरवाजे उघडले नाहीत. लढा पुढे काही वर्षं चालला. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याच्या परिषदेत 'हिंदू म्हणून मरणार नाही' ही घोषणा झाली.

दाखवण्यातली फुशारकी प्रत्येक भाषा वेगळी काढून ठेवते. इंग्रजीत 'फ्लॉन्ट', 'शो ऑफ' हे उघडच तिरकस शब्द. मराठीत तिरकसपणा शब्दापेक्षा वाक्यात असतो. पालखी मिरवते, सिंहस्थात आखाडे हत्ती-घोड्यांसह मिरवत घाटावर येतात, तिथे काही वावगं नाही; पण 'तो मोठेपणा मिरवतो' म्हटलं की शब्द तोच असून नाक मुरडलेलं असतं. 'देखावा'ही तसाच. गणपतीत भालेकर मैदानावरचे देखावे पाहायला सगळं गाव लोटतं, आणि 'नुसता देखावा आहे' म्हटलं की आत काही नाही. रुखवत मांडतात, शोकेसमध्ये शोपीस ठेवतात. ही घरगुती मांडणी कुणी काही म्हणो, पाहुण्यांसाठीच असते.

पडद्याच्या अर्थाचा डिस्प्ले यांत सगळ्यात धाकटा. त्याची विद्या त्या अर्थाहून जुनी आहे : १८८८ मध्ये राइनिट्झर या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाला वितळताना मधल्याच अवस्थेत थांबणारा द्रवस्फटिक सापडला, १८९७ मध्ये ब्राउनने कॅथोड किरणांची नळी केली. टीव्हीचा जुना फुगीर काचेचा डबा नळीवर चालला. १९६८ मध्ये अमेरिकेच्या आरसीए कंपनीने द्रवस्फटिकांचा डिस्प्ले जाहीर केला, तिथून घड्याळ, कॅल्क्युलेटर आणि शेवटी फोन. एम. जी. रोडवरचा कारागीर आज 'टच चालतोय, डिस्प्ले गेलाय' असं निदान करतो ते या साखळीच्या शेवटच्या कडीचं.

त्या डिस्प्लेचं आद्याक्षर 'डीपी'त जाऊन बसलं, आणि तिथे आधीच गर्दी होती. निफाड-दिंडोरीकडे 'डीपी जळाली' म्हणजे विजेचं रोहित्र गेलं, द्राक्षबागेचं पाणी अडकलं. शहरात 'डीपी रोड' म्हणजे विकास आराखड्यातला रस्ता, बहुधा अजून न झालेला. व्हॉट्सअॅपवरचा फोटो तिसरा. घोटाळा मात्र होत नाही, कारण विजेची ती डीपी आणि फोटोचा तो डीपी. जळते ती, बदलतो तो.