मोटारीची धुलाई आणि रंगाची निगा

मोटारीच्या पत्र्यावरची धूळ, चिखल, क्षार आणि डाग रंगाला ओरखडे न पाडता काढणे आणि मग त्या रंगावर वॅक्स, सीलंट, सिरॅमिक कोटिंग किंवा पारदर्शक फिल्म यांपैकी एखादे कवच चढवणे, अशी ही दुपेडी निगा आहे. जाहिराती होतात त्या कवचांच्या. रंग टिकतो की बिघडतो हे मात्र बहुतांशी धुण्यापुसण्यावर ठरते. त्यामुळे आधी धुण्याची पद्धत निवडावी, कवचाचा विचार नंतर करावा.

रंगाचे थर

कारखान्यात पत्र्यावर आधी फॉस्फेटची प्रक्रिया होते. मग विद्युत्‌भारित टाकीत बुडवून गंजरोधक लेप चढतो. त्यावर प्रायमर, प्रायमरवर प्रत्यक्ष रंगाचा बेस कोट आणि सर्वांत वर रंगहीन, चकचकीत क्लिअर कोट. हे सगळे मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरते (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यात क्लिअर कोटचा वाटा ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी. अतिनील किरण अडवणारी द्रव्ये याच थरात असतात. गॅरेजमध्ये रबिंग किंवा बफिंग करून ओरखडे ‘घालवतात’ तेव्हा ते भरले जात नाहीत, आजूबाजूचा क्लिअर कोट त्यांच्या तळापर्यंत घासून उतरवला जातो. दर वेळी यातले काही मायक्रॉन कायमचे जातात, म्हणून दर सर्व्हिसिंगला सवयीने रबिंग-पॉलिश करून घेणे रंगाला महागात पडते.

ही रचना तशी अलीकडची. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत मोटारींना घोडागाड्यांसारखेच व्हार्निश लावत आणि ते वाळायला आठवडे जात. ड्यूपाँ कंपनीच्या ‘ड्यूको’ या नायट्रोसेल्युलोज रंगामुळे हे काम काही तासांवर आले. जनरल मोटर्सच्या १९२४ च्या ओकलँड मोटारींवर तो प्रथम मोठ्या प्रमाणावर दिसला. बेस कोट आणि क्लिअर कोट ही जोडी सर्वत्र रूढ झाली ती १९८० च्या दशकात.

हानीची कारणे

भर उन्हात किंवा दिव्याखाली काळ्या गाडीच्या बॉनेटवर एककेंद्री वर्तुळे दिसतात, त्यांना स्वर्ल मार्क म्हणतात. गोल गोल पुसल्यामुळे ती पडतात, असा समज आहे. खरे तर बारीक ओरखडे सगळ्या दिशांना असतात. दिव्याभोवती ज्यांची दिशा वर्तुळाला धरून आहे तेवढेच डोळ्याकडे प्रकाश परतवतात, म्हणून वर्तुळाचा भास होतो. पांढऱ्या आणि रुपेरी गाड्यांवरही ते असतात, पण लपून राहतात.

हे ओरखडे पाडते ती धूळ. वाळूतल्या क्वार्ट्झचा कठीणपणा मोह्सच्या मापावर, म्हणजे खनिजांच्या कठीणपणाच्या १ ते १० या मापावर, ७ आहे. महाराष्ट्रात बांधकामाला सर्रास वापरली जाणारी क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, बेसाल्टची. त्यातली फेल्डस्पार आणि पायरॉक्सीन ही खनिजेही ५ ते ६.५ च्या घरात येतात. क्लिअर कोट म्हणजे शेवटी एक पॉलिमर, या सगळ्यांपुढे फारच मऊ. मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांत पहाटे एक बादली आणि एक फडके घेऊन ओळीने वीस-पंचवीस गाड्या पुसल्या जातात. चौथ्या-पाचव्या गाडीपर्यंत बादलीचे पाणी गढूळ झालेले असते, आणि पुढच्या प्रत्येक बॉनेटवर आधीच्या गाड्यांची वाळू फिरते. यात पुसणाऱ्याला बोल लावण्यात अर्थ नाही. महिना काही शे रुपयांत, पाण्याची नळी जवळ नसताना, याहून वेगळे काम होणार नाही. गाडीधारकाने स्वतःचे दोन मायक्रोफायबर कपडे द्यावेत आणि रोज कोरडे पुसण्याऐवजी आठवड्यातून एकदा भरपूर पाण्याने धुवायला सांगावे, एवढ्याने बराच फरक पडतो. कोरड्या धुळीवर ‘फडका मारणे’ ही रंगाची सर्वांत मोठी हानी आहे. मऊ झाडूसारखे मेणकट डस्टर वापरले तरी वाळू तीच राहते.

रासायनिक हानी वेगळी. पक्ष्यांच्या विष्ठेत युरिक आम्ल असते. तापलेल्या पत्र्यावर क्लिअर कोट किंचित मऊ होतो आणि विष्ठा वाळून त्यात आपला ठसा सोडते. उन्हाळ्यात हे काही तासांत घडते. कोकणात आंब्याला मोहर आला की त्यावरचे तुडतुडे चिकट गोड स्राव सोडतात. झाडाखाली लावलेल्या गाडीवर त्याचे बारीक थेंब साचतात आणि पुढे त्यावर काळी बुरशी धरते. असे डाग खरवडू नयेत, ओला कपडा दहा मिनिटे वर ठेवून मऊ करावेत. बोअरवेलच्या जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार वाळल्यावर पांढरे कडे सोडतात. ताजे असतील तर पातळ केलेल्या पांढऱ्या व्हिनेगरने निघतात, पण मुरले की बफिंगशिवाय इलाज उरत नाही.

दसऱ्याच्या पूजेचाही इथे उल्लेख हवा. हळद-कुंकवाची बोटे, ओले गंध, नारळाचे पाणी आणि झेंडूची माळ बॉनेटवर दिवसभर उन्हात राहते. हळदीचा पिवळा डाग उन्हाने बहुधा विरतो. कुंकवाचे मात्र सांगता येत नाही, कारण पारंपरिक कुंकू हळदीवर चुन्यासारख्या अल्कधर्मी द्रव्याची प्रक्रिया करून होते आणि बाजारातल्या पुष्कळ कुंकवात कृत्रिम रंग असतात. पूजा झाल्यावर त्याच संध्याकाळी साध्या पाण्याने बॉनेट धुतले की प्रश्न मिटतो. माळेची तार रंगाला टेकणार नाही, हेही पाहावे.

धुण्याच्या पद्धती

घरी धुताना सर्वांत भरवशाची पद्धत दोन बादल्यांची. एकीत शाम्पूचे पाणी, दुसरीत साधे. धुण्याचा मऊ हातमोजा साध्या पाण्यात खळखळून मगच पुन्हा शाम्पूत बुडवायचा. त्याआधी नुसत्या पाण्याच्या माऱ्याने जितकी माती निघेल तितकी काढून टाकावी, कारण हात लावण्यापूर्वी निघालेली वाळू ओरखडा पाडू शकत नाही. धुणे टपावरून खाली, चाके वेगळ्या कपड्याने, हात सरळ रेषेत. गाडी सावलीत आणि बॉनेट थंड हवे. नाहीतर शाम्पू जागीच वाळतो. कपडे धुण्याची पावडर आणि भांड्यांचे द्रव चिकट तेल काढायला बनवलेले असतात, ते आधीचे वॅक्सही काढून नेतात.

वॉशिंग सेंटरमधल्या फोम वॉशचा फायदा असा की फेस काही मिनिटे धुळीला सैल करतो. पण तिथेही पुढे हाच प्रश्न येतो: फेसावर फिरणारा स्पंज आधी कुठल्या ट्रकवर फिरला होता? शेवटी डिझेल किंवा रॉकेलचा हात मारून चमक आणण्याची पद्धत काही ठिकाणी अजून आहे. ती चमक धूळ ओढते आणि दारांच्या रबरांना बाधते. फिरत्या ब्रशांच्या यंत्राने वेळ वाचतो, पण नव्या गडद रंगाच्या गाडीला ते टाळलेले बरे.

पाण्याची टंचाई असेल तिथे रिन्सलेस वॉश, म्हणजे शेवटी पाणी न ओतता धुणे, उपयोगी पडतो: एका बादलीत पॉलिमरयुक्त द्रव, त्यात भिजवलेले बरेच कपडे, आणि प्रत्येक कपड्याची घडी फिरवत एकेक भाग पुसायचा. पाच-सहा लीटर पाण्यात गाडी होते. उघडी नळी मिनिटाला दहा लीटरहून अधिक पाणी ओतते, हे लक्षात घेतले तर फरक कळतो. बंगळूरमध्ये मार्च २०२४ च्या टंचाईत पिण्याच्या पाण्याने वाहने धुण्यावर बंदी आली आणि ५,००० रुपये दंड ठरला. मात्र पावसाळ्यात चिखलाने माखलेल्या गाडीवर रिन्सलेस पद्धत वापरू नये.

संरक्षक थर

कार्नौबा वॅक्स ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरून मिळते. त्याचा वितळणबिंदू ८२ ते ८६ अंश सेल्सियस, नैसर्गिक मेणांत सर्वांत वरच्यांपैकी एक. झळाळी सुरेख, टिकाऊपणा मात्र महिना-दोन महिन्यांचा. कृत्रिम पॉलिमरचे सीलंट चारसहा महिने राहतात. सिरॅमिक कोटिंग सिलिकावर आधारित असते, ते रंगाला घट्ट धरते आणि चांगले लावले तर दोनतीन वर्षे चालते. त्यावर पाणी गोळा होऊन घरंगळते, चिखल कमी चिकटतो, धुणे सोपे होते.

त्याबाबत विकले जाणारे गैरसमजही आहेत. ‘९एच कठीणपणा’ हा आकडा पेन्सिलीच्या शिशाने थर ओरखडून पाहण्याच्या चाचणीतला आहे, मोह्सचा नव्हे. वाळूपुढे हे कोटिंगही ओरखडते. दगड उडून लागला तर ते काही अडवत नाही. जड पाण्याच्या गावात तर गोलसर थेंब जागच्या जागी वाळून डाग अधिकच उठून दिसतात, म्हणजे कोटिंग केलेली गाडी कोरडी करण्यात आळस चालत नाही. शोरूममध्ये नव्या गाडीसोबत गळ्यात मारले जाणारे ‘टेफ्लॉन कोटिंग’ त्याहून पोकळ. टेफ्लॉन सुमारे ३२७ अंशांना वितळते. तव्यावर ते भट्टीच्या उष्णतेने बसवतात, गाडीच्या रंगाला ती उष्णता सोसणारच नाही. वर जी चमक दिसते ती सोबतच्या पॉलिशची.

दगडांपासून खरे संरक्षण देते ती पीपीएफ, म्हणजे सुमारे १५० ते २०० मायक्रॉन जाडीची पारदर्शक पॉलियुरेथेन फिल्म. बारीक ओरखडे उष्णतेने तिच्या वरच्या थरात आपोआप बुजतात. पूर्ण गाडीचा खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो. घाटरस्त्याने, हायवेने नेहमी जाणाऱ्याने फक्त पुढचा बंपर, बॉनेटची कडा आणि आरशांची टोपणे एवढीच झाकून घेतली तरी दगडांचा बराच मार टळतो. उघड्यावर, झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीला सिरॅमिक उपयोगी. बेसमेंटमध्ये राहून आठवड्याला दोनदा बाहेर पडणाऱ्या गाडीला सहा महिन्यांनी एकदा सीलंट पुरे. किनाऱ्यावरच्या गाडीच्या मालकाने पैसे आधी खालच्या बाजूच्या गंजरोधक लेपावर घालावेत, दारांखालची पाणी निचऱ्याची भोके मोकळी ठेवावीत आणि मगच वरच्या चमकेकडे वळावे.

कुठलेही कवच चढवण्याआधी रंग हाताला गुळगुळीत लागला पाहिजे. ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे कण रंगात रुततात. ते विरघळवणारे द्रव त्यांच्याशी लागताच जांभळे होते. उरलेला खरखरीतपणा क्ले बारने, म्हणजे चिकणमातीसारख्या मऊ वडीने, निघतो, भरपूर निसरडे द्रव लावून आणि दाब न देता. क्ले जमिनीवर पडला तर टाकून द्यावा.

मॅट रंगाची गाडी या सगळ्याला अपवाद आहे. तिला पॉलिश किंवा साधे वॅक्स लागले की तेवढाच भाग चकाकतो आणि पूर्ववत होत नाही. तिच्यासाठी वेगळे शाम्पू आणि सीलंट मिळतात. जुन्या अँबॅसिडर किंवा प्रीमियर पद्मिनीवर क्लिअर कोट नसलेला एकस्तरी रंग असतो. पॉलिश करताना फडक्याला गाडीचाच रंग लागला तर तो या रंगाचा स्वभाव समजावा, पण पॉलिश तिथेच हलक्या हाताने आवरते घ्यावे.