गोळीने ताप उतरला, यावरून काय कळतं?

‘गोळी दिल्यावर ताप लगेच उतरला, म्हणजे साधाच असणार.’ आजाऱ्याच्या उशाशी बसून हा अंदाज आपण सगळेच बांधतो. पण तो चुकीचा आहे.

संसर्ग झाला की रोगप्रतिकारक पेशी काही रसायनं सोडतात. त्यांच्यामुळे प्रोस्टाग्लँडिन ई२ हे आणखी एक रसायन तयार होतं आणि मेंदूतला तापमान सांभाळणारा भाग, हायपोथॅलॅमस, शरीराचं तापमान वरच्या पातळीला नेऊन ठेवतो. अंग भाजत असताना हुडहुडी भरते ती यामुळेच. ॲस्पिरिनसारखी औषधं प्रोस्टाग्लँडिन तयारच होऊ देत नाहीत, हे औषधशास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं. पॅरासिटामॉलही मेंदूत साधारण हेच करतं. ताप विषाणूंचा असो की जिवाणूंचा, ही शेवटची पायरी एकच. त्यामुळे गोळी दोन्ही ताप उतरवते. साध्या सर्दीतला आणि गंभीर न्यूमोनियातलाही.

मग औषधावरून तापाचं कारण ओळखता येतच नाही का? एका ठिकाणी तसा प्रयत्न झाला. कर्करोगाच्या रुग्णाला कधी कधी गाठीमुळेच ताप येतो, कुठलाही संसर्ग नसताना. १९८४ मध्ये चँग आणि ग्रॉस या डॉक्टरांनी तापाचं कारण न कळलेल्या कर्करोगाच्या रुग्णांना नॅप्रोक्सेन हे ॲस्पिरिनच्याच जातीचं औषध देऊन पाहिलं. गाठीमुळे ताप असलेल्या १५ जणांपैकी १४ जणांचा ताप झपाट्याने उतरला आणि औषध चालू असेपर्यंत पुन्हा चढला नाही. संसर्गाचा ताप असलेल्या पाचांपैकी एकाचाही तसा उतरला नाही. हीच ‘नॅप्रोक्सेन चाचणी’.

मला ही कल्पना फार देखणी वाटते. पण रुग्ण मोजकेच होते, आणि पुढच्या अभ्यासांत हा फरक इतका स्वच्छ राहिला नाही. संसर्गाचा तापही काहींमध्ये नॅप्रोक्सेनने उतरला. म्हणून रक्ताचं कल्चर (रक्तातले जंतू वाढवून पाहणं), छातीचा एक्स-रे, स्कॅन अशा तपासण्यांत संसर्ग सापडला नाही, तरच डॉक्टर या चाचणीकडे वळतात. तिचं उत्तरही ते इशारा म्हणूनच घेतात. शिवाय नॅप्रोक्सेन जठराला आणि मूत्रपिंडाला त्रास देऊ शकतं, त्यामुळे हा प्रयोग घरी करण्याचा नाहीच.

केमोथेरपीनंतर पांढऱ्या पेशी फार कमी झालेल्या रुग्णाला ताप आला, तर चाचणीचीही वाट पाहत नाहीत. तो संसर्गच आहे असं धरून ताबडतोब प्रतिजैविकं सुरू करतात, कारण अशा वेळी काही तासांचा उशीरही जिवावर बेतू शकतो.