शर्टाची चाळणी आणि शुक्राचे ढग

मिरकरवाड्याच्या जेटीवर एकदा होडीत बॅटरी चढवायला हात लावला. त्या दिवशी शर्टाला काहीच दिसलं नाही. पहिल्या धुण्यात मात्र खांद्याची चाळणी झाली. तांडेल नुसता हसला, "बॅटरी कधी खांद्यावर घेतात काय?"

बॅटरीतल्या पाण्यात जवळजवळ तिसरा हिस्सा सल्फ्युरिक आम्ल असतं. सुती कापड म्हणजे साखरेच्या रेणूंच्या लांबच लांब माळा. थेंबातलं पाणी वाळतं, आम्ल उडत नाही, ते घट्ट होत जातं आणि माळा तोडतं. पण तेच आम्ल ज्या प्लास्टिकच्या डब्यात असतं, तो डबा वर्षानुवर्षं शाबूत राहतो! म्हणजे अ‍ॅसिड समोर येईल ते खातं, हे काही खरं नाही. त्याच्या आवडीनिवडी आहेत, आणि शुक्रावर जीव असेल का हा वाद हल्ली त्या आवडीनिवडींपाशीच येऊन ठेपलाय.

तिन्हीसांजेला समुद्रावर शुक्र इतका लख्ख दिसतो तो त्याच्या ढगांमुळे. खाली जमिनीवर ४६५ अंश सेल्सिअसची भट्टी. वर ५०-५५ किलोमीटरवर मात्र दाब आणि उष्णता आपल्याला ओळखीची. १९६७ मध्ये कार्ल सेगन आणि हॅरॉल्ड मोरोविट्झ या अमेरिकी शास्त्रज्ञांनी तिथे जीव तरंगत असतील अशी कल्पना मांडली, तेव्हा ते ढग पाण्याचे धरले होते. पुढे सत्तरच्या दशकात कळलं की ते घट्ट सल्फ्युरिक आम्लाचे आहेत.

आता सुकटीकडे या. खारवून वाळवलेल्या मासळीत पाणी अगदीच नसतं असं नाही. पण जे उरतं ते मिठाने धरून ठेवलेलं असतं, बुरशीच्या वाट्याला येत नाही. या 'वाट्याला येणाऱ्या' पाण्याला शास्त्रज्ञ अंक देतात. शुद्ध पाण्याला १. पृथ्वीवरची सर्वांत चिवट बुरशी ०.५८५ पर्यंत तग धरते. शुक्राच्या ढगांत हा आकडा ०.००४ च्याही खाली आहे, असं २०२१ मध्ये दाखवलं गेलं. आपल्यासारख्या पाण्यावर जगणाऱ्या जीवाचा विषय तिथेच संपला.

पण पाण्याऐवजी आम्लातच जगणारा कोणी असेल तर? जीवाला शेवटी रेणू विरघळतील, भेटतील, जुळतील असा द्रव लागतो, आणि सल्फ्युरिक आम्ल कामचलाऊ नव्हे, चांगला द्रावक आहे. गोठतं १० अंशांना, उकळतं ३३७ च्या आसपास.

अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या सारा सीगर आणि सहकाऱ्यांनी थेट बाटलीत घालूनच पाहिलं. डीएनएची 'अक्षरं', म्हणजे अ‍ॅडेनिन, ग्वानिन वगैरे, ९८ टक्के आम्लात टिकली (२०२३). पुढच्या वर्षी वीस अमिनो आम्लांची, म्हणजे प्रथिनं ज्यांची बनतात त्या मण्यांची, पाळी आली. चार आठवड्यांनंतर एकोणीसांचा कणा शाबूत होता, काहींच्या फांद्या तेवढ्या बदलल्या होत्या. अडतं ते साखरेपाशी. डीएनएच्या कण्यात साखर असते, आणि साखरेवर घट्ट आम्ल ओतलं की काळा कोळसा फुगून वर येतो, हे कॉलेजच्या प्रयोगशाळेत पाहिलेल्याला सांगायला नको. तेव्हा तिथल्या जीवाला कणा दुसऱ्याच कशाचा तरी लागेल. साखरेऐवजी प्रथिनासारखा कणा असलेला पीएनए हा रेणू नेहमीच्या तापमानाला या आम्लात टिकतो, उष्णता वाढली की मोडतो.

मला यात एक खोट दिसते. बाटलीत न मोडणं वेगळं आणि जगणं वेगळं. कुजत तर सुकटही नाही. त्या ढगांत खाणं कुठलं, पेशीला भिंत कशाची, हे सगळं अजून बाकीच आहे.

तरी त्या ढगांत माणसाची वस्तू राहून आलीय. जून १९८५ मध्ये सोव्हिएत व्हेगा यानांनी तिथे टेफ्लॉनचे दोन फुगे सोडले. ५४ किलोमीटर उंचीवर ते जवळजवळ ४६ तास वाऱ्यावर वाहत माहिती पाठवत होते. मग गप्प झाले. आम्लाने त्यांना खाल्लं नव्हतं, बॅटरी संपली होती.