पाहुणे पक्षी निघण्याच्या बेतात

डिसेंबर-जानेवारीत भिगवणला, नांदूरमध्यमेश्वरला पक्षी बघायला येणाऱ्या गाड्यांची रीघ लागते. संक्रांत उलटली, उन्हं चटकायला लागली की ती ओसरते. पक्षी पाहायचा हंगाम संपला, असं बहुतेक जण धरून चालतात. मला मात्र फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंतचे दिवस सगळ्यात मोलाचे वाटतात. परतीच्या प्रवासाआधी पाहुण्या पक्ष्यांचं सगळं अंगच बदलतं, आणि तो बदल साध्या दुर्बिणीतून, कधी नुसत्या डोळ्यांनीही दिसतो.

गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचमागे उडणारे कुरव बघा. डिसेंबरात त्यांची डोकी पांढरी असतात, कानामागे तेवढा एक काळपट ठिपका. मार्चमध्ये त्याच थव्यात कुणाच्या कपाळावर तपकिरी शिंतोडे उमटलेले असतात, कुणाचा अर्धा चेहरा झाकलेला असतो, तर कुणी पूर्ण गडद टोपी घालून तयार असतो. डोक्यावरची जुनी पिसं गळून तिथे नवी रंगीत पिसं येत असतात. या दिवसांत पंखांच्या मोठ्या पिसांना मात्र धक्का लागत नाही. ती विणीनंतरच बदलून झालेली असतात. हजारो किलोमीटर उडायचं असताना पंखात फटी पडून कसं चालेल?

धोबी पक्ष्यांचंही तेच. पांढऱ्या धोब्याचा गळा काळा होत जातो. पिवळे धोबी थंडीत इतके मळकट दिसतात की त्यांच्या उपजाती ओळखताना जाणकारही हात टेकतात. मार्चअखेर मात्र नदीकाठच्या एकाच गवताळ तुकड्यात काळ्या डोक्याचा, राखी डोक्याचा, आणि फिकट निळसर डोक्यावर ठळक पांढरी भुवई असलेला, असे तिन्ही नर वेगवेगळे उठून दिसू शकतात. मालगुजा, ज्याला पक्षीमित्र सर्रास गॉडविट म्हणतात, त्याची राखाडी मान विटकरी होते.

काही पक्षी तर एकही नवं पीस न आणता रंग बदलतात, आणि मला ही युक्ती जास्त विलक्षण वाटते. कुंपणावर शेपूट थरथरवत बसणारा काळा थिरथिरा थंडीच्या सुरुवातीला धुरकट दिसतो, कारण त्याच्या काळ्या पिसांच्या कडा फिकट असतात. गडद रंग देणारं मेलॅनिन पिसाला बळकटीही देतं. फिकट कडांत ते कमी असतं, म्हणून गवताला, फांद्यांना घासून त्या आधी झिजतात आणि खालचा काळा रंग उघडा पडतो.

भोरड्यांचंही असंच होतं. ऑक्टोबरातली मळकी भोरडी मार्चमध्ये गुलाबी अंगाची, तकतकीत काळ्या डोक्याची होते, चोचही गुलाबी होते. याच सुमारास पळस, पांगारा, काटेसावर फुललेली असते. मध पिण्यासाठी भोरड्या त्यांवर तुटून पडतात. जवळून पाहिलं तर एखादीच्या कपाळावर पिवळे परागकण चिकटलेले दिसतात, म्हणजे जाता जाता परागीभवनही होतं. ज्वारी राखणारा शेतकरी त्यांच्यावर वैतागतो. कणसावर थवा बसला की नुकसान होतं हे खरंच, आणि गोफण घेऊन दिवसभर उभं राहणं सोपं नाही. पण हाच पक्षी नाकतोडे आणि टोळही फस्त करतो. मध्य आशियातल्या त्यांच्या विणीच्या वसाहती तर टोळ-नाकतोड्यांचा सुकाळ असेल तिथेच वसतात.

निघायची वेळ झाली हे पक्ष्यांना कळतं कसं? ऊन वाढलं म्हणून, असं उत्तर पटकन सुचतं. पण उष्मा एखाद्या वर्षी लवकर येतो, एखाद्या वर्षी उशिरा. दिवसाची लांबी मात्र फसवत नाही. पुण्यात डिसेंबरअखेर दिवस सुमारे 11 तासांचा असतो, मार्चअखेर सव्वाबारा तासांचा. एवढा फरक पक्ष्यांना पुरतो. शिवाय तो मोजायला डोळेच लागतात असं नाही. 1930च्या दशकात फ्रान्समध्ये शास्त्रज्ञ झाक बेनुआ यांनी बदकांवर प्रयोग करून दाखवलं की कवटीतून झिरपणारा प्रकाश थेट मेंदूतच टिपला जातो.

या विषयावर भारतात मोठं काम झालं ते भारीट पक्ष्यांवर. काळ्या डोक्याचा भारीट दक्षिण युरोप ते इराण या पट्ट्यात वीण करतो आणि थंडीत आपल्या ज्वारी-गव्हाच्या शेतांत थव्याने उतरतो. शास्त्रज्ञ विनोद कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिंजऱ्यातल्या भारीटांना दिव्यांच्या उजेडाने मोठा दिवस दिला. पक्षी अधाशासारखे खाऊ लागले, त्यांच्या कातडीखाली चरबी साठली, आणि एरवी रात्री झोपणारे हे पक्षी प्रवासाला निघाल्यासारखे रात्रभर पिंजऱ्यात उड्या मारू लागले. लहान दिवसात ठेवलेले शांत राहिले. चरबी साठवण्याचं कारणही सरळ आहे. तिच्या एका ग्रॅममधून साधारण 9 किलोकॅलरी मिळतात, म्हणजे पिष्टाच्या दुपटीहून अधिक.

सगळे एकदम निघत नाहीत. पट्टकादंब, म्हणजे डोक्यावर काळे पट्टे असलेले हंस, मार्चमध्येच उजनी जलाशय सोडतात, कारण त्यांना हिमालय ओलांडून तिबेट, मंगोलियाकडे जायचं असतं. त्यांच्या पाठीवर यंत्र बसवून केलेल्या अभ्यासात 7,290 मीटर उंचीची नोंद मिळाली. विरळ हवेतूनही प्राणवायू पकडून ठेवणारं हिमोग्लोबिन त्यांच्या रक्तात असतं. शिवाय ते बहुधा रात्री किंवा पहाटे चढाई करतात, तेव्हा हवा थंड आणि दाट असते. उत्तरेकडे वीण करणारे कितीतरी चिखलपक्षी एप्रिलअखेर, मेपर्यंत थांबतात, कारण तिकडचा बर्फ उशिरा वितळतो. त्यांची वर्षाच्या आतली पिल्लं तर अनेकदा जातच नाहीत. मे महिन्यात ठाण्याच्या खाडीत एखादा फिकट, एकटा चिखलपक्षी दिसला तर तो जखमीच असेल असं समजू नका.

हे टिपायला फार काही लागत नाही, घराजवळचं एक तळं किंवा नाला पुरतो. अडचण वेगळीच आहे. पक्षी आला तो दिवस आपण हौसेने लिहून ठेवतो, पण शेवटचा दिसला तो दिवस शेवटचा होता हे त्या दिवशी कळत नाही. म्हणून मार्चपासून रोज लिहावं लागतं: आज धोबी दिसले, किती, नराचा गळा कितपत काळा. दिसले नाहीत तर तेही तारखेसकट लिहायचं. अशा कोऱ्या नोंदी जवळपास कुणीच ठेवत नाही, आणि पक्षी पूर्वीपेक्षा लवकर निघू लागले आहेत का, हे तपासायला नेमक्या त्याच लागतात.