राणीछाप रुपयाचा भाव

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या जुन्या घरांत वाटण्या सुरू झाल्या की भांडी-दागिन्यांनंतर चांदीच्या रुपयांचा, त्यातही व्हिक्टोरिया राणीच्या राणीछापांचा, विषय निघतो. एरवी लक्ष्मीपूजनालाच चौरंगावर येणारे हे रुपये वाटायचे कसे, नगावर की वजनावर? शहापूरच्या सराफाकडे नेले तर तो आधी तराजू काढतो. मोबाइलवर पाहिलं तर तसल्याच नाण्याला कुणीतरी लाख रुपये सांगितलेले असतात.

तराजूचा हिशेब जुना आहे. पेशवाईच्या काळात एकच एक रुपया नव्हता. अंकुशी, चांदवडी अशा नाना रुपयांची वजनं आणि कस निरनिराळे, आणि बदलून घेताना सराफाचा बट्टा, म्हणजे कपात, ठरलेला. 1835 च्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीने तो घोळ मिटवला. 180 ग्रेन वजनाचा, बारा भागांत अकरा भाग चांदीचा एकच रुपया ठरला. आजच्या मापात 11.66 ग्रॅम आणि त्यात शुद्ध चांदी सुमारे 10.69 ग्रॅम. तोळाही तेवढाच, म्हणून रुपया हे नाणंही झालं आणि वजनही. शेजारच्या गोव्यातही 1881 आणि 1882 साली पोर्तुगीज राजा लुईशच्या नावाचे याच वजनाचे रुपये आले, तेही ब्रिटिशांच्या टांकसाळीत पाडलेले. खानापूरकडच्या गाठोड्यात असा एखादा निघाला तर परका म्हणून बाजूला टाकू नये.

नाण्याचा दर्शनी भाव आणि आतली चांदी यांची फारकत 1893 मध्ये झाली. तोवर कुणीही चांदी देऊन टांकसाळीतून रुपये पाडून घेऊ शकत होता. सरकारने ती सोय बंद केली आणि रुपया आतल्या चांदीपेक्षा महाग ठरला. पहिल्या महायुद्धात उलटं घडलं. चांदी इतकी भडकली की रुपया वितळवणं फायद्याचं होऊ लागलं. सरकारने त्यावर बंदी घातली आणि 1917 च्या नोव्हेंबरात एक रुपयाची नोट काढली. हातात कागद आल्यावर खणखणीत रुपया पेटीत जाणार हे उघडच होतं.

वारसांनी खरं लक्ष द्यावं ते 1940 या सालाकडे. दुसऱ्या महायुद्धात चांदी अकरा-बारांशावरून थेट निम्म्यावर आली. बाकीचं तांबं, निकेल आणि जस्त. वजन मात्र तेच ठेवलं. त्यामुळे 1940 ते 1945 चा सहाव्या जॉर्जचा रुपया तराजूत राणीछापाइतकाच भरतो, पण त्यात चांदी जेमतेम 5.83 ग्रॅम. सगळी नाणी एका पारड्यात घालून भाव करणारा या ना त्या बाजूने फसतो. 1947 च्या रुपयात तर चांदीच नाही, तो निकेलचा.

दुर्मीळपणाचा हिशेब वेगळा, आणि गैरसमज तिथेच जास्त. राणीच्या रुपयावर 1862 दिसलं की लोक हरखतात, पण ते साल पुढे दहा-बारा वर्षं तसंच छापलं जात होतं, त्यामुळे अशी नाणी ढीगभर आहेत. याउलट 1939 चा रुपया, म्हणजे जुन्या कसाचा शेवटचा, खरोखर विरळा. 1911 च्या पाचव्या जॉर्जच्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून ओरड झाली. तो मागे घेतला आणि 1912 मध्ये सोंड सुधारली. 1911 च्या त्या नाण्याला संग्राहक चांदीपेक्षा जास्त मोजतात. रामदरबाराचं चित्र आणि ‘ईस्ट इंडिया कंपनी 1818’ असलेलं नाणं मात्र कंपनीने कधी काढलेलंच नाही.

हारात ओवण्यासाठी कडी डाग देऊन जोडलेला किंवा चिंच लावून घासलेला रुपया बहुधा चांदीच्या भावानेच जातो. ऑनलाइन गिऱ्हाईक आधी ‘फी’ मागत असेल तर विषय तिथेच संपवावा. आपल्या नावाने अशी फसवणूक चालते, असा इशारा रिझर्व्ह बँकेने 2021 मध्ये दिला होता.

पेटीतला वारसा आणि वाड्याची भिंत पाडताना निघालेला नाण्यांचा गडू यांत कायदा फरक करतो. गडू 1878 च्या गुप्तधन कायद्यात बसतो, त्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. शंभर वर्षांहून जुनी नाणी 1972 च्या पुरावस्तू कायद्याखाली येतात. म्हणून परदेशी राहणाऱ्या मुलीला वाटणीतले राणीछाप रुपये सामानात परस्पर देता येत नाहीत.